धाकटीची बढती

"पप्पा, मला सिस्टर व्हायचंय," असं गुंडी जेवता जेवता म्हणाली, आणि पप्पांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "मग आता कोण आहेस?"

त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. गुंडी, म्हणजे माझी धाकटी बहीण, हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. अख्खा वॉर्ड दिवसभर तिला सिस्टर म्हणूनच हाका मारतो. सिस्टर, पाय ठणकतोय. सिस्टर, उशी द्या. सिस्टर, हा शेजारचा फार घोरतो, त्याचं काहीतरी करा. त्यात पप्पांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं ते हवं तेवढंच ऐकतात. त्यांनी आपल्या मनानं अर्थ लावला की पोरीला बढती मिळतेय, आता ती हेड सिस्टर होणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही बातमी दुकानात येईल त्याला सांगितली. आमचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा चष्मा आमच्या हातात असतो, त्यामुळे ते उठून जाऊ शकत नाही आणि पप्पांचं सगळं ऐकून घेतं. संध्याकाळपर्यंत समोरचा शिंपी, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि दात काढणारे डॉक्टर असे सगळे येऊन अभिनंदन करून गेले. मी काचा घासत बसले होते आणि मनातल्या मनात दात ओठ खात होते. कारण मला आदल्या रात्रीच कळलं होतं की ही बढती कुठली आहे ते.

गुंडी गेलं वर्षभर गावाबाहेरच्या मठात जात होती. तिथं एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांच्यासमोर बसायचं, मनात काय चाललंय ते बोलायचं आणि परत यायचं. याला आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात, असं ती म्हणाली होती. मी म्हटलं, बरं आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोरीचं ऐकणारं कुणीतरी हवं. लग्न ठरता ठरता मोडलं होतं तिचं. घरात ती बोलायची नाही, तिथं जाऊन रडत असेल. मला काय ठाऊक की घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं!

पाचारण हा शब्द आम्हाला नवा नव्हता. देव एखाद्याला हाक मारतो, सगळं सोडून माझ्या कामाला ये म्हणतो, ते पाचारण. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला फादर सांगतात, की आपल्यातल्या तरुण मुलामुलींना पाचारण लाभावं म्हणून प्रार्थना करूया. आणि आम्ही सगळे मान खाली घालून मोठ्यानं आमेन म्हणतो. प्रत्येकाच्या मनात शेजारच्यांची मुलगी असते.

शेवटी पप्पांना सांगायचं काम माझ्याच गळ्यात आलं. त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन मी ओरडले, "पप्पा, हेड सिस्टर नाही! मठातली सिस्टर! नन!"

पप्पांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत बसले. तो चष्मा स्वच्छच होता, मीच सकाळी पुसला होता. मग ते म्हणाले, "आता त्या शिंप्याला काय सांगू?" आणि आत निघून गेले.

आई गेली तेव्हा गुंडी शाळेतही जात नव्हती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे पाढे मी घेतले, तिला गोवर आला तेव्हा उशाशी मी बसले. तिला शिस्त लावली तीही मीच. उष्ट्या हातानं काही घ्यायचं नाही. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही. आणि घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. ही आईची शिकवण. जाणारा परत येणार असतो, मग जाते कशाला म्हणायचं? गुंडीला हे इतकं पटलं होतं की लहानपणी ती खेळायला निघाली की दारात उभं राहून "येते, ताई! येते! येते हं!" असं ओरडत राहायची. शेवटी मी "ये एकदाची!" म्हणून खेकसायचे. त्याशिवाय ती पायरी उतरायची नाही.

तर ती बातमी फुटल्यानंतरच्या एका सकाळी गुंडी कामावर निघाली. चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "जाते गं, ताई."

"जाते काय म्हणतेस?" मी स्वयंपाकघरातून ओरडले. "येते म्हण!"

"अगंबाई! येते, येते," ती हसून म्हणाली आणि गेली. एवढंच झालं. पण त्या दिवशी मी एका बाईंच्या चष्म्याला उजवी काच डावीकडे बसवली. असं माझ्या हातून कधी होत नाही.

मी ठरवलं, आता त्या म्हातारीला जाऊन विचारायचं. विचारायचं म्हणजे भांडायचं. माझं भांडण मी चांगलं तयार केलं होतं. आमची पोर भोळी आहे. तिचं मन मोडलेलं होतं आणि तुम्ही ते आयतं उचललंत. तुमच्याकडे माणसं कमी पडतायत म्हणून आमचं घर रिकामं करताय. रस्ताभर मी बसमध्ये हेच घोकत होते. शेजारी गुंडी खिडकीतून बाहेर बघत होती. मी सोबत येते म्हटल्यावर तिनं कारणही विचारलं नव्हतं. आतल्या गाठीची पहिल्यापासूनच.

मठ म्हणजे मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. एक साधी दुमजली इमारत, मागं भाजीचा वाफा, दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी. गुंडी आधी चॅपलमध्ये, म्हणजे मठातल्या प्रार्थनाघरात, जाऊन शांत बसायची आणि मग सिस्टरांना भेटायची. ती तिकडं गेली तशी मी सरळ त्यांच्या खोलीचं दार वाजवलं.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर क्रूस आणि खिडकीत एक सुकत चाललेली कुंडी. सिस्टर खुर्चीतून उठल्या, माझ्याकडे बघून हसल्या, आणि माझं सगळं भांडण जागच्या जागी अडकलं. कारण त्यांच्या नाकावरचा चष्मा. डावी दांडी बिजागरीतून निसटलेली आणि चक्क दोऱ्यानं बांधलेली. फ्रेम एका बाजूला इतकी कललेली की त्या उजव्या डोळ्यानं काचेतून बघत होत्या आणि डाव्या डोळ्यानं काचेवरून.

"तू ताई ना? ये, बस. तुझी वाटच बघत होते," त्या म्हणाल्या.

"तो चष्मा काढा आधी," मी म्हणाले.

सिस्टर गोंधळल्या. "का गं?"

"असा चष्मा घालून डोकं दुखत नाही तुमचं? द्या इकडे." माझ्या पर्समध्ये बारीक स्क्रूड्रायव्हर आणि सुटे स्क्रू कायम असतात. मी टेबलावर रुमाल पसरला, दोरा कापून टाकला आणि कामाला लागले. कामाला लागल्यावर मग जीभही सुटली. मान खाली घालून, स्क्रू फिरवत फिरवत मी त्यांना म्हणाले, "माझ्या बहिणीला तुम्ही काय सांगून ठेवलंय?"

"मी काही सांगत नाही तिला."

"मग ती इथं यायचं का म्हणते?"

"ते तिला विचार. तिनं या खोलीत जे सांगितलंय ते या खोलीतच राहतं. तुलासुद्धा नाही सांगणार मी, रागावलीस तरी."

"तिचं लग्न मोडलं म्हणून ती पळतेय. तुम्हाला एवढं कळत नाही?"

"असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "पळून येणाऱ्या पुष्कळ येतात. म्हणून तर मी घाई करत नाही. मन खट्टू असताना काही ठरवायचं नाही, एवढा एकच नियम मी सगळ्यांना सांगते. बाकी मी नुसती विचारते. अमुक गोष्ट केल्यावर मनाला कसं वाटलं? लगेच कसं वाटलं, आणि चार दिवसांनी कसं वाटलं? मग पुढच्या वेळी दुसरं काहीतरी विचारते. मग पुन्हा पहिलं."

माझा हात थांबला. "हे स्पष्ट की हे स्पष्ट," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. आम्ही दुकानात असंच विचारतो. एक भिंग लावायचं, काढायचं, दुसरं लावायचं. तक्त्यावरचं अक्षर कुठलं ते आम्ही सांगत नाही."

सिस्टर एकदम खूश झाल्या. "बघ! पण तुझ्याकडे भिंतीवर तक्ता तरी असतो. मला तो पण दिसत नाही."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. भांडायला गेलेल्या माणसाला हसवू नये. मी पुन्हा मान खाली घातली. सिस्टर म्हणाल्या, "आता तुझं सांग. तुला कसं वाटतंय? चष्मा तुझ्या हातात आहे. मला तुझा चेहरा नुसता पुसट गोळा दिसतोय, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही."

मी म्हणणार होते की मला काय वाटायचंय, मी ठीक आहे. पण तोंडातून वेगळंच आलं. "मी तिला मोठी केली, सिस्टर. आई गेल्यावर मला दुसरं काही नव्हतं. मला लग्न करायचं नव्हतं असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे, कारण माझ्याकडे ती होती. संध्याकाळी ती घरी आली की मला दिवस संपला असं वाटतं. ती इथं राहिली तर माझा दिवस संपणार कसा?"

टेबलावर पसरलेल्या रुमालावर दोन थेंब पडले आणि एक स्क्रू त्यात हरवला. सिस्टर देवाची इच्छा म्हणाल्या नाहीत, त्याग म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या तर मी चष्मा पुन्हा दोऱ्यानं बांधून दिला असता. त्यांनी फक्त टेबलावर चाचपत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. मी एका हातानं नाक पुसलं, स्क्रू शोधला आणि त्यांना म्हणाले, "हात सोडा, दोन्ही हात लागतात."

चष्मा बसला. सिस्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू तर तिच्यासारखीच दिसतेस!" मी म्हणाले, "ती माझ्यासारखी दिसते."

मग गुंडीची वेळ झाली. ती आत गेली आणि मी वाफ्याकडेच्या बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. चेहरा थोडा रडलेला आणि थोडा धुतलेला. आम्ही फाटकाशी पोचलो. सिस्टर वरच्या खिडकीत उभ्या होत्या. गुंडी वळली, हात वर केला आणि ओरडली, "येते, सिस्टर! येते हं!"

तो आवाज मी ओळखला. वॉर्डातला नव्हता तो, आणि गेली काही वर्षं घरात जो असायचा तोही नव्हता. दारातून खेळायला निघालेल्या पोरीचा होता. मला तक्त्याची शेवटची ओळ कुणीतरी न अडखळता वाचून दाखवावी तसं झालं. 

पुढचे दिवस वाईट गेले. कुणी काही विषय काढेना. पप्पा जेवणात मीठ जास्त झालं, कमी झालं असं काहीतरी म्हणत आणि आम्ही दोघी त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलत. मग एके संध्याकाळी गुंडी कामावरून परस्पर दुकानात आली आणि म्हणाली, "ताई, माझा नंबर बघ ना. औषधाच्या बाटलीवरचं बारीक दिसत नाही हल्ली."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि तपासणीची जाडजूड फ्रेम तिच्या नाकावर चढवली. ती फ्रेम घातली की कुणीही माणूस घुबडासारखा दिसतो. लहानपणी गुंडी ती घालून दुकानभर फिरायची. मी एक डोळा झाकला, भिंग घातलं.

"हे स्पष्ट की हे?"

"पहिलं. नाही, दुसरं. तुला कुठलं बरं वाटतं?"

"डोळे तुझे आहेत. मला काय विचारतेस?"

ती मग त्या जाड काचांमागून, समोरच्या तक्त्याकडेच बघत म्हणाली, "ताई, सिस्टर म्हणतात की त्यांच्याकडून मी मठात यायला हरकत नाही. पण तू नको म्हण, मी नाही जाणार. मनापासून सांगते. तुला आणि पप्पांना टाकून मला जायचं नाही. तू सांगशील तसं."

दुकानात आम्ही दोघीच होतो. पप्पा बाहेर पायरीवर शिंप्याशी गप्पा मारत होते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. खुर्चीतला माणूस फार लवकर आपल्या बाजूला वळतो. भिंग बदलताना नुसतं "हेच बरं ना?" असं जरा गोड आवाजात म्हणायचं, की तो हो म्हणतो. त्याला आपल्याला खूश करायचं असतं. तो चष्मा घेतो, घरी जातो आणि मग वर्षभर डोकं धरून बसतो. माझ्या हातात त्या क्षणी एक भिंग होतं आणि तोंडात एक शब्द होता. 'नको' म्हणायला कितीसा वेळ लागतो? ती राहिली असती. कधी तक्रारही केली नसती, मला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी घरी आली असती, आणि रोज सकाळी "जाते गं, ताई" म्हणून स्वतःच दचकली असती.

"गुंडे," मी म्हणाले, "या खुर्चीत बसणाऱ्यानं सांगायचं असतं. उभी असते तिनं नाही. मला बरं वाटावं म्हणून वाचू नकोस. तुला काय दिसतंय ते सांग."

माणसाला नक्की दिसत नसलं की तो डोळे बारीक करतो, ही आमची पहिली खूण. मी फ्रेमच्या काचांमधून तिच्या डोळ्यांकडे बघत होते. तिनं डोळे बारीक केले नाहीत.

"मला जायचंय, ताई," ती म्हणाली. "तिथं मला घरी आल्यासारखं वाटतं. मी खूप वेळा तपासून बघितलं. चांगल्या दिवशी बघितलं, वाईट दिवशी बघितलं. तेच दिसतं."

"मग जा," मी म्हणाले. माझा आवाज ठीक होता. "पण नंबर लागलाय तुला. चष्मा घेतल्याशिवाय सोडणार नाही."

त्यावर गुंडी ती घुबडाची फ्रेम तशीच घालून मला मिठी मारायला आली आणि ती फ्रेम माझ्या कपाळावर आपटली. दोघी रडत होतो आणि हसत होतो. तेवढ्यात पप्पा आत आले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय, नंबर फार निघाला का?"

तिचा चष्मा मी स्वतः केला. हलकी फ्रेम, न तुटणारी. आणि बिजागरीला दोन-दोन वेळा बघितलेले स्क्रू, कारण तिथं दोरा बांधायची रीत आहे हे मला माहीत होतं.

ठरलेल्या दिवशी पप्पा आणि मी तिला पोचवायला गेलो. सामान म्हणजे एकच बॅग. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. रस्त्यात शिंप्यानं विचारलं, "कुठं निघालात?" तर पप्पा ताठ मानेनं म्हणाले, "सांगितलं होतं ना, धाकटीला बढती मिळालीय." शिंप्यानं बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखं पुन्हा एकदा अभिनंदन केलं.

मठाच्या दाराशी सिस्टर उभ्या होत्या, चष्मा सरळ. गुंडीनं पप्पांना मिठी मारली. पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  मग ते म्हणाले, "सिस्टर, जेवत जा वेळेवर." उभ्या जन्मात ते तिला पहिल्यांदाच सिस्टर म्हणाले. ती बॅग उचलून आत गेली, उंबरठ्याच्या आत उभी राहून वळली, आणि दार हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. नवा चष्मा तिला शोभत होता.

मला तिथं जास्त वेळ उभं राहायचं नव्हतं. अजून थोडा वेळ थांबले असते तर मी तिला हाताला धरून ओढत घरी नेलं असतं. मी पर्स सावरली आणि घाईघाईनं म्हणाले, "चल गं, जाते मी."

"ताई!" गुंडी दारातून ओरडली, अगदी माझ्याच आवाजात, कपाळाला आठ्या घालून. "जाते काय म्हणतेस? येते म्हण!"

मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं दाराच्या आत मी होते आणि बाहेर पायरीवर ती. आता ते दार तिच्या हातात होतं, आणि निघालेली मी होते. 

"येते," मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "येते हं, गुंडे."

"ये एकदाची!" ती म्हणाली. तिचा चेहरा रडका झाला होता आणि ती हसत होती.

आम्ही फाटकाबाहेर पडलो. पप्पांनी त्यांचा चांगला कान माझ्याकडे केला. "काय म्हणाली गं ती?"

"ये म्हणाली."

"मग येऊ की," पप्पा म्हणाले, आणि बसथांब्याकडे चालायला लागले.